रे रोडच्या वखारी हलवण्याआधी तिथल्या कामगारांची यादी करा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या विकासाच्या बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात आणि मी त्या कापून ठेवते, कारण आम्ही घोडपदेवचे, म्हणजे त्या नकाशाच्या अगदी काठावरचे. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टने (आताचं पोर्ट प्राधिकरण) ससून डॉक ते वडाळा अशा साधारण ९६६ हेक्टर जमिनीचा आराखडा काढला, तेव्हापासून बागा, मरीना म्हणजे बोटी लावायच्या जागा, पाण्याकाठचे रस्ते हे सगळं वाचतेय. मुंबईला मोकळी जागा पाहिजेच, त्याला माझा विरोध नाही. पण रे रोड, दारूखाना, लकडा बंदर, शिवडी इथल्या लाकडाच्या वखारी आणि सॉ मिल, म्हणजे लाकूड कापायचे कारखाने, यांचा विषय निघाला की जुने धंदे बाहेर जातील एवढंच म्हणतात आणि पुढे सरकतात. बाहेर म्हणजे नक्की कुठे, आणि मशीन हलवली की मशीनवरचा माणूस आपोआप तिच्यासोबत जातो का, हे कोणी विचारत नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

माझे वडील लाकूड बाजारात माथाडी होते आणि मामा तिथल्याच एका सॉ मिलमध्ये पट्ट्यावर, म्हणजे बँड-सॉवर, चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्ट्याच्या करवतीवर. दोघं एकाच रस्त्यावर काम करायचे, एकाच टपरीवर चहा प्यायचे. पण वडिलांकडे कार्ड होतं, माथाडी मंडळात नोंद होती, पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी सगळं मंडळामार्फत. हे १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे, अण्णासाहेब पाटलांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हमालांनी लढून मिळवलेलं, त्यात खोका आणि लाकूड बाजारही येतो. मामा मात्र चढ-उतार करत नव्हता, तो आत लाकूड कापायचा, त्यामुळे तो माथाडी नाही. आणि मिल छोटी, पॉवरवर चालणाऱ्या ठिकाणी ठराविक संख्येपेक्षा कमी माणसं मस्टरवर असली की फॅक्टरी कायदाही लागत नसे, त्यामुळे तो तिकडेही नाही. सगळी उमर ओंडके कापण्यात गेली आणि हातात त्या मिलचा एकही कागद नाही, साधी पगाराची पावती नाही. आज पोर्टच्या जमिनीवरून कोणाला किती नुकसानभरपाई द्यायची हा प्रश्न आला तर मामासारख्या माणसाने दाखवायचं काय?

मालकांवर माझा राग नाही हे आधीच सांगते. बरेचसे मालक कच्छी पटेल, दोन-तीन पिढ्या ह्याच धंद्यात, त्यांचंही डोकं सध्या ठिकाणावर नाही. पोर्टचे भाडेपट्टे संपलेले, भाड्याचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन २००४ ला निकाल लागला तरी कटकटी सुरूच. शिवाय सॉ मिलचं लायसन वन खात्याचं, १९९६ च्या गोदावर्मन केसपासून, म्हणजे सुप्रीम कोर्टातल्या जंगल वाचवण्याच्या खटल्यापासून, सॉ मिलवर इतकी बंधनं आली की नवीन लायसन मिळणं महाकठीण आणि मिल एका जागेवरून दुसरीकडे न्यायची तर परत वन खात्याची परवानगी. आयात लाकडाचा मोठा धंदा तर केव्हाच कांडला-गांधीधामला गेला. पण तरी मालकाकडे लायसन आहे, भाडेपट्टा आहे, जीएसटी नंबर आहे, वकील आहे, त्यामुळे उद्या मीटिंग लागली की त्याला खुर्ची मिळणार. कामगाराला त्या खोलीत कोण बोलावणार?

आता कोणी म्हणेल की वखारी बंद पडतायत, मुंबईत लाकूड लागतं कोणाला, खिडक्या ॲल्युमिनियमच्या आणि कपाटं प्लायची. अर्धं बरोबर आहे. पण रे रोडला जाऊन बघा काय कापलं जातं. गिरगाव, काळबादेवी, लालबागच्या चाळी रिडेव्हलपमेंटला पडतात तेव्हा त्यातल्या तुळया, खांब, जिन्याच्या पायऱ्या, दारांच्या चौकटी निघतात, त्यात बर्मा सागवान असतं आणि तसलं लाकूड आता सहज मिळत नाही, म्यानमारने, म्हणजे बर्मानेच, १ एप्रिल २०१४ पासून ओंडके बाहेर पाठवणंच बंद केलंय. शंभर वर्षं घराचं वजन पेललेली तुळई मिलमध्ये येते, कापून परत टेबल होते, दरवाजा होते, एक नवं झाड न तोडता. पर्यावरण पर्यावरण म्हणून आपण जे बोलतो ते ही माणसं न बोलता रोज करतायत असं मला मनापासून वाटतं.

आणि ते काम सोपं नाही. तुळई आली की आधी ब्रशने माती काढायची, पाणी मारायचं, मग एक जण पहार आणि पकड घेऊन खिळे उपटत बसतो. जुन्या खिळ्याचं डोकं गंजून झडून गेलेलं असतं, खिळा आतच राहतो आणि वरून भोकसुद्धा दिसत नाही. पण लोखंड जिथे असेल तिथे लाकडावर काळा-निळसर डाग पडतो, त्या डागावर बोट ठेवून मामा सांगायचा इथे खोद. एक खिळा जरी राहिला तरी पट्ट्याचे दात जातात, आणि नशीब वाईट असेल तर पट्टा तुटून चाकावरून उडतो, समोर माणूस असला तर संपलाच. पट्टा चालू असताना पाण्याची बारीक धार सोडलेली असते तो तापू नये म्हणून, आणि मामाचं सगळं लक्ष आवाजात, लाकूड कापताना आवाज जरा जरी चिरका झाला की तो ट्रॉली मागे खेचायचा. ही विद्या कुठल्या आयटीआयमध्ये शिकवतात मला तरी माहीत नाही. असा माणूस उद्या वॉचमन म्हणून लागला की ती विद्या गेली, मग जुनी तुळई सुद्धा सरपणाच्या भावात जाणार.

मुंबईत लाकडाचं काम करणारे हात किती जुने आहेत बघा. १७३६ मध्ये लवजी वाडिया सुरतेहून इथे आले आणि त्यांच्या घराण्याने मलबारच्या सागवानाची जहाजं बांधली, त्यातली १८१७ साली इथे पाण्यात उतरवलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत उभी आहे, लोक तिकीट काढून बघतात. शिवडीला टिंबर पाँड आहे, तिथे बाहेरून आलेले ओंडके पाण्यात तरंगत ठेवायचे म्हणजे तडा जात नाही आणि कीड लागत नाही. आता त्याच शिवडीत अटल सेतू उतरतो, फ्लेमिंगो बघायला गर्दी होते, चांगलंच आहे. पण ओंडक्यांवर उभं राहून बांबूने ते ढकलणारी माणसं तिथे होती ह्याची एक पाटी तरी कुठे दिसते का?

एक गोष्ट मात्र मला पाटीपेक्षा फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे धूळ. लाकडाची बारीक धूळ कॅन्सरकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ती १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात. नाकाचा आणि नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांचा कॅन्सर. इंग्लंडात हाय विकम नावाच्या फर्निचरच्या गावात १९६० च्या दशकात डॉक्टरांना हे आधी जाणवलं, कारण एरवी फार क्वचित दिसणारा हा कॅन्सर तिथल्या लाकूड कामगारांत वारंवार दिसत होता. मामाच्या नाकातून रक्त यायचं तर मिलमध्ये सांगायचे गरमीने येतं, गुळाचा खडा खा. सागवानाच्या भुशाने अंगाला खाज सुटायची, रात्रभर खोकला, मामी गरम पाणी करून द्यायची, सकाळी परत ड्यूटी. तोंडाला रुमाल, तोही आपला आपण आणलेला. त्याला नेमकं काय झालं होतं हे शेवटपर्यंत कोणी तपासलं नाही. टाटा हॉस्पिटल परळला आहे, रे रोडपासून किती लांब? तिथल्या सॉ मिल कामगारांच्या नाकाची आणि फुप्फुसांची एकदा व्यवस्थित तपासणी करणं अशक्य आहे का? कामगार विखुरल्यावर ही तपासणी कधीच होणार नाही, आत्ता ते सगळे एकाच दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत, म्हणून आत्ताच केली पाहिजे. आणि धूळ खेचणारा पंखा आणि पिशवी लावणं काही विमान बनवण्याइतकं अवघड नाही, मिल नवीन जागी गेली तर पहिल्या दिवसापासून ते लावूनच परवानगी द्या.

बेकऱ्यांचंही बोलायला हवं. हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितलं, धुराचा त्रास बघता ते योग्यच आहे, रंग आणि पॉलिश लागलेलं भंगार लाकूड जाळून पाव भाजणं बंदच व्हायला हवं. पण मिलमधल्या ढलप्या आणि तुकडे गोळा करून हातगाडीने बेकरीला पोचवणारी जी माणसं होती त्यांचं पोट त्यावर होतं, त्यांना कोणी दुसरा रस्ता दाखवला नाही. भुश्याच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या विटा, बनवतात, मग तो धंदा ह्याच लोकांच्या हातात द्यायला काय हरकत आहे.

आता कापड गिरण्यांबद्दल, कारण कागद नसले की काय होतं ते तिथे दिसलं. आमच्या घोडपदेवात गिरणी कामगारांची घरं कमी नाहीत, त्यामुळे हे कोणी सांगायची गरज नाही. १९८२ चा संप, त्यानंतर गिरण्या बंद, १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे ठरले, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलून वाटे फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचे केले, गिरणीची इमारत जिथे उभी ती जागा हिशोबातूनच गेली, आणि २००६ ला सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. कामगारांच्या घरांची मोठी लॉटरी निघाली २०१२ ला. तीस वर्षं! किती जण गेले तोपर्यंत, आणि जे होते त्यांच्या पोरांना कागद गोळा करताना नाकी नऊ आले, कोणाचा बिल्ला नंबर सापडत नाही, कोणाचं नाव चुकीचं. पण गिरणी कामगाराकडे निदान बिल्ला नंबर होता, तिकीट नंबर होता. सॉ मिलच्या माणसाकडे तेही नाही.

त्यात राहण्याचा प्रश्न वेगळाच. वखारीत काम करणारे बरेच जण पोर्टच्याच जमिनीवरच्या वस्त्यांत राहतात, कौला बंदर घ्या, दारूखाना घ्या. जमीन केंद्राची, म्हणून राज्याच्या झोपडपट्टी योजना तिथे सरळ लागू होत नाहीत, वर्षानुवर्षं लोकांनी पाणी विकत घेऊन दिवस काढलेत. मिल उद्या भिवंडीला किंवा पनवेलच्या पुढे गेली तर हे लोक रोज जाऊन येणार का, आणि घर पण त्याच नकाशात असेल तर काम आणि घर एकाच वेळी जाणार. पूर्वी सातारा, सांगली, कोकणातले लोक जास्त होते, आता यूपी-बिहारचे जास्त, म्हणून ते आपले नाहीत असं कोणी म्हणू नये, धूळ सगळ्यांच्या नाकात सारखीच जाते.

म्हणून मागणी साधी आहे. पोर्ट प्राधिकरण, कामगार आयुक्त, वन खातं आणि माथाडी मंडळ ह्यांनी एकत्र बसून रे रोड ते शिवडी पट्ट्यातल्या प्रत्येक वखारीत आणि सॉ मिलमध्ये जाऊन कामगारांची नावानिशी यादी करावी. कोण किती वर्षं आहे, काय काम करतो, कुठे राहतो. कागद नसेल तर शेजारच्या दोन कामगारांची साक्ष चालवा, माथाडीच्या रजिस्टरवरून पडताळा, कारण माल उतरवणाऱ्याला कापणारा कोण ते माहीतच असतं. यादी नोटीस बोर्डावर लावा, मराठी आणि हिंदीत, हरकती घ्या. हे भाडेपट्ट्याची वाटाघाट सुरू व्हायच्या आधी झालं पाहिजे, नंतर केलं तर मालक म्हणणार माझ्याकडे कोणी कामाला नव्हतंच, आणि ते खोटं आहे हे सिद्ध कोण करणार. मिल हलवायचं लायसन देतानाच यादीतल्या माणसांना तिथे काम किंवा रोख भरपाई ही अट घाला, वन खात्याच्या एका सहीवर हे अडवता येतं आणि करूनही घेता येतं.

आणि आपल्या पेपरला एक विनंती, एखादा वार्ताहर आणि फोटोग्राफर सकाळी आठ-साडेआठला रे रोड स्टेशनवर उतरवा, पूर्वेला पायी फिरा, मालकांशी बोला तसंच पट्ट्यावरच्या माणसाशी पण बोला, जेवणाच्या सुट्टीत बोलतात. पत्र लांबलंय, जागेसाठी काटछाट करावी लागली तर वाडियांचं आणि जहाजाचं काढा, पण यादीचा आणि तपासणीचा मुद्दा तेवढा पूर्ण छापा.

आपली,
एक वाचक, घोडपदेव, मुंबई