पोर्ट लुईसच्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम उघड लिहितोय. तुमचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत. शिवाय मॉरिशसला जाऊन नुसते समुद्रकिनारे बघून परतणाऱ्या आपल्या माणसांनी पोर्ट लुईसमध्ये एक अख्खा दिवस काढावा, हेही मनात आहे. माझी आणि तुमची ओळख ती काय? रत्नागिरी जिल्ह्यातला एक शाळामास्तर गिरमिटिया म्हणजे करारावर परदेशी नेलेल्या मजुरांची माहिती गोळा करतोय, एवढं कुणाकडून तरी तुमच्या कानावर गेलं होतं. तेवढ्यावर तुम्ही घरचं सगळं बाजूला ठेवून भर उन्हात माझ्याबरोबर हिंडलात.

मी शहर बघायला सुरुवात करणार होतो ती प्लास दार्म या चौकापासून. ताडांच्या दोन रांगा, टोकाला सरकारवाडा, आणि बंदराकडे तोंड करून उभा असलेला माहे द ला बूर्दोने. 1735 मध्ये हा फ्रेंच गव्हर्नर आला आणि डोंगरांच्या कुशीतलं हे बंदर त्याने राजधानीसाठी निवडलं. पुस्तकांत तोच शहराचा जनक. तुम्ही म्हणालात, "तो कुठे जात नाही. आधी इस्पितळाकडे चला."

बंदराजवळची ती काळ्या दगडाची लांबलचक इमारत 1740 च्या सुमाराची. फ्रेंचांचं लष्करी इस्पितळ. तिथे आता गुलामगिरीचं संग्रहालय आहे. मादागास्कर आणि मोझांबिकहून धरून आणलेल्या माणसांनी हे दगड वाहिले, पाँडिचेरीकडून आणलेल्या कारागिरांनी ते घडवले, हे तुम्ही भिंतीवर हात ठेवून सांगितलंत. 1 फेब्रुवारी 1835 ला इथली गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा मालकांना 20 लाख पौंड भरपाई मिळाली. राबलेल्यांना दमडी नाही, उलट आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे 'उमेदवारी', म्हणजे सक्तीची चाकरी. मग उसाच्या शेतांना माणसं हवीत म्हणून आपले लोक आले. "हे आधी बघितलं नाही तर आप्रवासी घाटावर माणूस फक्त आपल्याच लोकांसाठी रडतो," असं तुम्ही म्हणालात. बाई, इतिहास शिकवण्यात माझी इतकी वर्षं गेली, पण हा क्रम मला कुणी असा लावून दिला नव्हता. त्याबद्दल पहिले आभार.

आप्रवासी घाट, म्हणजे हे मजूर जिथे उतरवले जात ती जागा, तिथून चालत जाण्याइतका जवळ. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अॅटलस' जहाजातून 36 मजूर या बंदरात उतरले आणि तिथून 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं या शहरातून बेटावर गेली. त्यांच्यासाठी हा डेपो 1849 मध्ये बांधला. त्यातलं आज उरलंय ते थोडंच, बराचसा भाग मोटाररस्त्याखाली गेला. 2006 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं तेव्हापासून लोक येतात आणि त्या 16 दगडी पायऱ्यांचे फोटो काढतात. मीही काढले. तुम्ही मात्र मला मागच्या बाजूला नेलंत. स्वयंपाकाची जागा, आजाऱ्यांची खोली, संडासांच्या ओळी. दगडी पन्हळीचा उतार तुम्ही बोटाने दाखवलात. बोटीवरून उतरलेली माणसं इथे साधारण दोन दिवस असायची, मोजली जायची, नंबर घ्यायची आणि मग मळ्यांवर वाटली जायची. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा.

सगळे कलकत्त्याहून आले असंच आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. मद्रास आणि मुंबईहूनही जहाजं सुटत होती. मुंबईकडची माणसं बिहारच्या मानाने थोडी, पण त्यांत कोकणातले आणि घाटावरचे मराठी होते. आणि मजुरांच्याही आधी कैदी! 1815 पासून बंगालहून, पुढे मुंबई इलाख्यातूनही जन्मठेपेचे कैदी इथे पाठवले गेले. त्यांनी बेटावरचे रस्ते बांधले. 1836 मध्ये डार्विन पोर्ट लुईसला आला, तेव्हा या भारतीय कैद्यांची आठवण त्याने आवर्जून लिहून ठेवली. आमच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्ग गप्प झाला.

दुपारी बाजारात उभ्या उभ्या दालपुरी खाताना तुम्ही पिशवीतून तो कागद काढलात, प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेला. तुमच्या खापरपणजोबांच्या नोंदीची नक्कल, मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेतून मिळवलेली. नंबर. नाव, बापाचं नाव. वय, उंची. खूण: कपाळावर व्रण. जात. जहाज. मळा. आणि जिल्हा रत्नागिरी. कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं, त्यामुळे गावाचं नाव काही केल्या लागत नव्हतं. अशी नोंद कशी वाचायची ते तुम्ही मला ओळीओळीने शिकवलंत: नावावर विसंबू नका, आधी जहाज आणि तारीख धरा, मग त्याच जहाजातली त्याच जिल्ह्याची बाकीची माणसं बघा. या एका गोष्टीवर आता मी आमच्या नववीचे तास घेतो.

1867 च्या कायद्याने करार संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला पास जवळ ठेवावा लागे आणि तो नसला तर अटक होई, हेही तुम्ही तिथेच सांगितलंत. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ नावाच्या गोऱ्या माणसाच्या मदतीने 9,401 मजुरांनी इंग्लंडच्या राणीकडे अर्ज केला आणि चौकशी आयोग बसवायला लावला, तेही. हा अर्ज आमच्या पाठ्यपुस्तकात यायला हवा असं मला फार वाटतं.

बाकीचं शहर आपण भराभर पाहिलं. डोंगरावरचा अॅडिलेड किल्ला, गुलामगिरी संपताना फ्रेंच मळेवाले उठाव करतील या धास्तीने इंग्रजांनी बांधलेला. 1867 च्या हिवतापानंतर श्रीमंत लोक वर क्युरपिपकडे निघून गेले आणि मागे राहिलेल्यांचं झालेलं हे शहर. आणि शां द मार्स: 1812 पासून घोड्यांच्या शर्यतींचं मैदान, तिथेच 12 मार्च 1968 ला स्वतंत्र देशाचा झेंडा चढला. तुमचे वडील त्या गर्दीत होते, हे सांगताना तुम्ही तिथल्या क्रिओल बोलीत कधी शिरलात ते तुम्हालाही कळलं नाही.

इथे परतल्यावरही मी तुम्हाला प्रश्न विचारून हैराण केलं. माझ्या टिपणांतल्या तारखा तुम्ही तपासून दिल्यात, आणि गणपतीत तुमच्या गावात होणाऱ्या झाकरी नाचाचं चित्रण पाठवलंत. आमच्या शाळेत ते लावलं. शब्द आमच्या पोरांना अर्धेमुर्धे कळले, पण मागच्या बाकावरच्या दोघांनी ठेका लगेच धरला. ती आमच्या कोकणातल्या जाखडी नाचातली पोरं. त्यांच्याकडून तुम्हाला वेगळा नमस्कार.

आता तुमच्या कामाचं. कागदावरच्या त्या गावाच्या नावाशी जुळणारी दोन गावं सापडली आहेत, एक संगमेश्वर तालुक्यात, एक राजापुरात. संगमेश्वरच्या गावात तुमच्या आडनावाची घरं आजही आहेत. त्यांच्यातल्या एका आजोबांनी, घरातला कुणीतरी बोटीने गेला आणि परत आला नाही, असं ऐकल्याचं सांगितलं. एवढ्यावरून मी नक्की काही म्हणणार नाही. राजापूरचं गाव बघायचं राहिलंय, ते मे महिन्यात बघतो. त्याआधी जहाजाची तारीख आणि त्याच नोंदवहीतली शेजारची दोन-चार नावं मिळाली तर कळवा. आणि पुढच्या गणपतीला या. मुक्काम आमच्याकडेच.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातला एक मास्तर