बाईंच्या वह्या कुठे द्यायच्या?

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : शिक्षण व बालमानसशास्त्रात काम केलेल्या स्त्रियांचे खासगी कागद नागपुरात स्वीकारण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

जुनी कागदपत्रं जपणारं पुराभिलेख संचालनालय आपल्या खात्याकडे येतं आणि त्याचं एक कार्यालय आमच्या नागपुरात आहे. म्हणून हे पत्र शिक्षणमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे. मागणी एकच आहे. जुन्या शिक्षिकांचे, मुलांच्या मनाचा अभ्यास केलेल्या बायकांचे खासगी कागद या कार्यालयात रीतसर घेतले जावेत आणि ते घेतले जातात हे लोकांना कळावं. पुतळा नको, स्मारक नको, चौकाला नावही नको. (नाव द्यायला नागपुरात चौक तरी कुठे उरलेत?)

मी शाळांमधून समुपदेशक म्हणून काम केलं. बुद्धी मोजणाऱ्या बिने-कामत चाचणीचं साहित्य टेबलावर मांडायचं आणि समोरच्या पोराची भीड चेपेपर्यंत थांबायचं, यात माझी नोकरी सरली. हे थांबणं मला ज्यांनी शिकवलं त्या बाई अध्यापक विद्यालयात मानसशास्त्र शिकवायच्या. त्यांनी पुस्तक लिहिलं नाही, पण वह्या भरून लिहिल्या. कोणत्या मुलाला काय विचारलं, त्याने काय उत्तर दिलं, उत्तर देताना तो कुठे बघत होता, घरी कोणती भाषा बोलतात, सकाळी काही खाऊन आला होता का, हे सगळं त्यात आहे. एका चाचणीत गलबताचं चित्र होतं. त्यावर एक मुलगी गप्प बसली. नियमाप्रमाणे तिथे शून्य पडायला हवं आणि बाईंनी ते दिलंही. पण समासात नोंद केली आहे की हिने समुद्र पाहिलेला नाही, बैलगाडी काढून दाखवल्यावर जू, आरे, कणा सगळं धडाधड सांगितलं. गुणपत्रकात त्या मुलीचा फक्त शून्य आहे. ती हुशार होती हे फक्त त्या समासात आहे.

बाई गेल्या. धंतोलीतलं घर पाडून तिथे फ्लॅट स्कीम आली. भाचे-पुतणे सज्जन, पण पुण्या-बंगळुरूत राहणारे. आलमाऱ्या रिकाम्या करायला त्यांच्याकडे एक शनिवार-रविवार होता. बरंचसं कबाडीवाल्याकडे गेलं. एक पेटी माझ्याकडे आली, कारण मी त्या वेळी तिथे उभी होते. ती कुठे द्यावी म्हणून मी चौकशी सुरू केली. एका ग्रंथालयाने सांगितलं की बांधीव पुस्तकं असतील तर घेऊ. एका संस्थेत सगळं आपुलकीने ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "पण या बाई प्रसिद्ध होत्या का?"

या प्रश्नाला मी तिथे उत्तर दिलं नाही. ते इथे देते. त्यासाठी मात्र अमेरिकेपर्यंत जावं लागेल.

लेटा स्टेटर हॉलिंगवर्थ या शिक्षण-मानसशास्त्रातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांपैकी एक. १८८६ साली नेब्रास्का राज्यातल्या चॅड्रन गावाजवळ त्यांचा जन्म झाला. त्या तीन वर्षांच्या असताना आई बाळंतपणात गेली. पण जाण्याआधी त्या माउलीने लेटाच्या पहिल्या वर्षाची हकीकत एका छोट्या लाल वहीत लिहून ठेवली होती, तीही जणू बाळच बोलतंय अशी. ही आई कोण होती? कुणीच नाही. शेतावर राहणारी एक बाई. पण पुढे बालविकासावर ग्रंथ लिहिणाऱ्या लेकीच्या चरित्राची सुरुवात आज त्या वहीपासून होते. वही कुणीतरी सांभाळली म्हणून होते.

पुढचा प्रवास आपल्याकडच्या बायकांनाही ओळखीचा वाटेल. १९०६ मध्ये पदवी, मग शाळेत शिक्षिका. १९०८ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन लग्न, आणि तिथे कळलं की त्या शहरात विवाहित बाईला शिक्षिकेची नोकरी मिळत नाही. मग घर आणि शिवणटिपण. सुटका झाली ती चमत्कारिक मार्गाने. अमेरिकी सरकारने कोका-कोलावर कॅफिनवरून भरलेला खटला १९११ मध्ये उभा राहिला. कॅफिनचा माणसाच्या कामावर काय परिणाम होतो हे तपासण्याचं काम कंपनीने लेटा यांचे पती हॅरी यांना दिलं. प्रयोगांची बरीचशी देखरेख लेटांनी केली आणि त्या पैशांवर त्यांचं पुढचं शिक्षण झालं. शीतपेयाच्या खटल्यातून एका बाईची पीएचडी निघाली!

त्या काळी दोन गोष्टी शास्त्र म्हणून सांगितल्या जात. पाळीच्या दिवसांत बाईची बुद्धी मंदावते ही एक. दुसरी अशी की पुरुषांमध्ये आपसांतल्या फरकांचा पसारा मोठा असतो, अगदी हुशार आणि अगदी मंद अशी दोन्ही टोकं जास्त, म्हणून प्रतिभावंतही पुरुषच जास्त निघतात. पहिल्या समजुतीवर लेटांनी प्रबंधच केला. बायकांकडून पाळीच्या आणि इतर दिवसांत त्याच त्या चाचण्या करून घेतल्या, तुलनेला दोन पुरुषही घेतले आणि बुद्धीत किंवा हातांच्या कामात काही घसरण सापडत नाही असं १९१४ मध्ये छापलं. दुसऱ्या समजुतीसाठी एका सहकारी बाईंबरोबर १००० मुलगे आणि १००० मुली अशा नवजात बाळांची मापं तपासली. मुलग्यांच्या बाजूला तो मोठा पसारा काही दिसला नाही. गंमत म्हणजे त्यांचे मार्गदर्शक एडवर्ड थॉर्नडाइक स्वतः या दुसऱ्या सिद्धांताचे पुरस्कर्ते होते. त्याच थॉर्नडाइकांच्या हाताखाली १९१६ मध्ये लेटांना डॉक्टरेट मिळाली. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात त्यांना नेमलं तेही त्याच वर्षी, नेओमी नॉर्सवर्दी या दुसऱ्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागी.

मला त्यांचं सगळ्यात आवडतं निरीक्षण मात्र छोटं आहे. न्यूयॉर्कमध्ये मंदबुद्धी म्हणून आणलेल्यांच्या चाचण्या त्या घेत. संस्थांमध्ये पुरुष जास्त दिसतात, म्हणजे दोष पुरुषांत जास्त, असं लोक म्हणत. लेटांनी वयं पाहिली. मुलगे लहानपणीच संस्थेत येत होते, कारण त्यांच्याकडून बाहेरच्या कमाईची अपेक्षा असे आणि तिथे ते उघडे पडत. मुली मात्र घरी धुणीभांडी करत, पोरं सांभाळत खपून जात आणि मोठ्या वयात, घराला नकोशा झाल्या की, आणल्या जात. तोवर त्या कुठल्याच आकड्यात नसत. माझ्या नोकरीच्या काळात, 'काही त्रास नाही देत, घरकाम छान करते' असं सांगून ज्या मुली माझ्यापर्यंत कधी आणल्याच गेल्या नाहीत, त्या मला हे वाचताना आठवल्या.

आज हॉलिंगवर्थ दांपत्याचे कागद ओहायोतल्या ॲक्रन विद्यापीठाच्या मानसशास्त्राच्या इतिहास-संग्रहात आणि नेब्रास्काच्या राज्य इतिहास संस्थेत आहेत. ॲक्रनचा संग्रह १९६५ मध्ये सुरू झाला तो मुळात अशाच कामासाठी. म्हणून लेटांच्या त्रुटींवरही बोलता येतं. बुद्धी वंशपरंपरेने येते यावर त्यांचा फार विश्वास होता आणि 'चांगल्या' वंशाचीच संतती वाढावी म्हणणाऱ्या त्या काळच्या सुप्रजननवादाकडे त्या झुकल्या होत्या. हे आज टोचतं, टोचायलाच हवं. कागद शाबूत असले की आरती आणि निंदा या दोन्हींच्या पलीकडे जाता येतं. आपल्याकडे जयंतीला हार घालतात आणि बाकी सगळं कसरीला खायला सोडतात.

आता नागपूर. आमच्या आसपास काही कमी घडलेलं नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, त्यातून हातकामातून शिकवणारी गांधीजींची नई तालीम उभी राहिली. सेवाग्रामला आशादेवी आर्यनायकम यांनी त्यासाठी आयुष्य दिलं. बालशिक्षणाच्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीला होत्या. जाईबाई चौधरींनी रेल्वे स्टेशनवर हमाली केली, शिकल्या, मिशनच्या शाळेत नोकरीला लागल्या. सवर्णांच्या ओरडीमुळे ती नोकरी गेली, तेव्हा त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. जाईबाई आणि त्यांच्यासारख्या स्त्रियांबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंच ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्यामुळे. त्या दोघी घरोघर हिंडल्या, म्हाताऱ्या बायकांना बोलतं केलं आणि 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं. दोन लेखिकांनी पायपीट करून केलेलं काम ज्या राज्यात अभिलेखागार आहे त्या राज्याला शोभतं का, हे आपणच ठरवा.

कायद्याची अडचण असेल असं मला वाटत नाही. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात खासगी व्यक्तीकडून ऐतिहासिक महत्त्वाचे कागद देणगी म्हणून किंवा विकत घेण्याची मुभा राष्ट्रीय अभिलेखागाराला आहे. राज्यात अशी सोय कागदोपत्री कुठे ना कुठे असेलही. नागपूरच्या महाल भागातला वाडा पाडायला निघालेल्या कुटुंबाला मात्र तिचा पत्ता ठाऊक नसतो. नागपूर कार्यालयात या कामासाठी एक नेमलेली व्यक्ती हवी. वर्तमानपत्रात मराठी आणि हिंदीत निवेदन हवं, कारण नागपुरातल्या किती तरी शिक्षिकांनी हिंदी माध्यमात काम केलं. एका पानाचं, साध्या भाषेतलं दानपत्र हवं. आणि बोलावलं तर घरी येऊन आलमारीसमोर बसून 'हे ठेवा, हे टाका' सांगणारं माणूस हवं. लोक आधी पत्रं आणि फोटो बाजूला काढतात आणि वह्या रद्दीत देतात. व्हायला हवं उलटं.

"आम्ही स्कॅन करून घेऊ" हे उत्तर कृपया देऊ नये. स्कॅन जरूर करावं, पण मूळ कागद परत पेटीत टाकून ती पेटी कुठल्या तरी जिन्याखाली गेली तर हाती काही उरत नाही. नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या वर जातो आणि जूनपाठोपाठ ओल येते. कागद आधी ठिसूळ होतो, मग त्याला बुरशी धरते. टाचण्या गंजून पानाला भोकं पाडतात. निळी शाई पसरते. सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नपत्रिका तर आताच पुसट झाल्या आहेत. धुरी देणं, टाचण्या काढणं, आम्लविरहित खोके, मूळ क्रम न मोडता केलेली सूची ही कामं संचालनालयाच्या लोकांना येतात. ती सरकारी दप्तरांसाठी होतातच, तर एका बाईच्या वह्यांसाठीही होऊ शकतील.

आणि एक गोष्ट खासगी हौसेवर सोडता येणार नाही, म्हणूनच सरकारकडे येते आहे. या कागदांत मुलं आहेत. खरी नावं, पत्ते, जाती, बापाचं दारू पिणं, आईचं माहेरी निघून जाणं, चाचणीचे गुण. लेटांच्या १८० च्या वर बुद्ध्यंक असलेल्या मुलांवरच्या पुस्तकात १२ मुलं आहेत आणि त्यांना नावांऐवजी इंग्रजी अक्षरं दिली आहेत. पुस्तक छापताना हे जमतं. मूळ वहीत नाव असतंच, आणि ते खोडणं म्हणजे कागद बिघडवणं. त्यावर उपाय एकच आहे : ठरावीक वर्षं तो भाग मोहोरबंद ठेवायचा, संशोधकाकडून लेखी हमी घ्यायची आणि कुणी मागितलं, कुणाला दिलं याची नोंद ठेवायची. ही जबाबदारी कुणा ट्रस्टच्या लोखंडी कपाटावर टाकून भागणार नाही. ज्या मुलीने समुद्र पाहिला नव्हता ती आज आजी झाली असेल, इथेच कुठेतरी मानेवाड्यात किंवा जरीपटक्यात राहत असेल. तिच्या शून्याची झेरॉक्स कुणाच्या मोबाइलवर फिरू नये. मी पेटी कुणालाही देऊन मोकळी झाले नाही, त्याचं खरं कारण हे आहे.

हे काम फार खर्चाचं नाही. एक प्रशिक्षित माणूस, एक कोरडी खोली, खोके आणि वर्षभराची जाहिरात एवढंच लागेल. माझ्या ओळखीच्या निवृत्त शिक्षिकांपैकी काही जणी सूची करायला बिनपगारी बसतील. त्यांना जुन्या बायकांची अक्षरं लागतात, शाळांची नावं ठाऊक आहेत आणि दुपारी वेळही असतो.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला याल. विधान भवनातून अर्धा तास काढून पुराभिलेख कार्यालयात यावं अशी विनंती आहे. तारीख आदल्या दिवशी कळवली तरी चालेल, मी पेटी घेऊन येईन. आपण येऊ शकला नाहीत तर निदान कोणत्या अधिकाऱ्याला भेटायचं आणि दानपत्राचा नमुना कुठे मिळेल, एवढं लेखी कळवावं. तोवर पेटीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवला आहे आणि तो दर महिन्याला बदलते आहे.

आपली,
एक निवृत्त शाळा समुपदेशक,
नागपूर