पाडण्याआधी दप्तर तरी चाळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ठाण्यात जांभळी नाक्याकडून स्टेशनकडे येणाऱ्या बाजारातल्या एका जुन्या दुमजली इमारतीवर 'अतिधोकादायक', म्हणजे सी-१ची नोटीस लागली आहे. ती पाडू नका असे मी म्हणत नाही. जिन्याचा कठडा हलतो, वरच्या तुळयांना वाळवी लागली आहे. आत माणसे राहतात. पाडायलाच हवी. पाडताना तिचा इतिहासही ढिगाऱ्याबरोबर डंपरमध्ये जाऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

ठाण्याचा जुना बाजार कोपिनेश्वर आणि मासुंदा तलावाच्या आसऱ्याने होता. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, १८६३मध्ये नगरपालिका झाली, आणि बाजार स्टेशनकडे सरकत गेला. खाली दुकाने, वर बिऱ्हाडे अशा इमारती त्यातूनच उभ्या राहिल्या. या इमारतीतल्या एका गाळ्याला अजून शटर नाही, फळ्यांचे दार आहे. प्रत्येक फळीवर मराठी आकडा कोरलेला. चौथी फळी तिसरीच्या आधी लावली तर दार बसत नाही. बाजूच्या गाळ्याच्या पाटीचा रंग उडाला की खालच्या पाटीतले 'आणि मंडळी' दिसते, त्याशेजारी सहा आकडी फोन नंबर. छपरावरचे एखादे मंगळुरी कौल उलटले तर कारखान्याचे नावही सापडेल.

इमारतीची ही अवस्था का झाली, तेही नोंदवायला हवे. सगळा दोष मालकाच्या माथी मारणे सोपे आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठली. नवा कायदा २००० साली लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. पण मूळ भाडेच चहापाण्याइतके असेल तर ४ टक्क्यांत गिलावाही होत नाही. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींना निदान म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. ठाण्याला ते लागू नाही. मालकाने हात वर केले, पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन जागा घेतलेल्या भाडेकरूंनी आपापला गाळा चकचकीत केला आणि मधला जिना कुणाचाच राहिला नाही. (टी. चंद्रशेखर महापालिका आयुक्त असताना ठाण्यातले रस्ते रुंद झाले, ते गरजेचेच होते. पण बाजारातले बरेच ओटे त्यातच गेले. आज दिसणारे दर्शनी भाग नंतरचे आहेत.)

पाडण्यापूर्वी भाडेकरूंच्या जागेचे मोजमाप होते. ते झालेच पाहिजे, पुनर्विकासात हक्क सांगायला तोच कागद लागतो. त्याच फायलीत आणखी दोन-चार पाने जोडायला काय हरकत आहे? दर्शनी भागाचे, जिन्याचे आणि त्या फळ्यांच्या दाराचे फोटो काढावेत. कर आकारणीच्या जुन्या रजिस्टरांतून कोणत्या गाळ्यात कधी कोण होते त्याचा उतारा घ्यावा. सिटी सर्व्हेकडून मिळकत पत्रिकेची प्रत घ्यावी, गुमास्ता, म्हणजे दुकानांच्या परवान्यांच्या जुन्या नोंदी मिळतील तेवढ्या पाहाव्यात. यातला बराचसा कागद सरकारी दप्तरातच पडून आहे, नव्याने काही शोधायचे नाही. वरच्या मजल्यावरचे जुने भाडेकरू आज एका जिन्यावर भेटतात. उद्या ते डोंबिवली, बदलापूर, घोडबंदर असे पांगले की विचारणार कुणाला?

या सगळ्याची एक प्रत १८९३पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात ठेवावी, म्हणजे ती लोकांना पाहता येईल. नोटिशीची मुदत संपायच्या आत प्रभाग कार्यालयाने एखादा लिपिक आणि एक फोटोग्राफर या कामाला लावावा, आणि पुढे सी-१मधल्या बाजारपेठेतल्या प्रत्येक इमारतीसाठी हाच रिवाज ठेवावा, ही विनंती. फळ्यांचे दार मात्र भंगारवाल्याच्या हाती लागण्याआधी उतरवून घ्या. आकडे शाबूत आहेत.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे