चिऊच्या कॉलेजबद्दल, आई-बाबांना

सॅन होजे, कॅलिफोर्निया

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

गेल्या रविवारी चिऊचं कॉलेज कोणतं ते सांगितलं, तेव्हा बाबा, तुम्ही नुसतं “बरं” म्हणून फोन आईकडे दिलात. आईने लगेच विचारलं, “मार्क कमी पडले का गं पोरीला?” चिऊ शेजारीच बसली होती, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण तुमच्या मनात ते घर करून राहू नये, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मार्क कमी पडलेले नाहीत. एका युनिव्हर्सिटीचं प्रवेशपत्र हातात असताना तिने कम्युनिटी कॉलेज निवडलं आणि आम्ही दोघांनी मनापासून होकार दिला.

ही इथली सरकारी कॉलेजं, मुख्यतः पहिल्या दोन वर्षांच्या शिक्षणाची. सगळ्यात जुनं १९०१ साली शिकागोजवळ जोलिएटला निघालं. एकट्या कॅलिफोर्नियात आज ११६ आहेत. तिथे गुणवत्ता यादी लागत नाही, शिकायची इच्छा असलेल्या कुणालाही प्रवेश मिळतो. म्हणजे जे कुठेच लागत नाहीत ते तिथे जातात, असं इथल्याही आपल्या लोकांत काही जण म्हणतात. बाबा, जिल्हा परिषदेच्या शाळेबद्दल लोक हेच बोलायचे ना? ऊसतोडीवरून आलेली मुलं आणि पाटलांची मुलं तुम्ही एका सतरंजीवर बसवलीत आणि त्यांतली कितीतरी पुढे कुठच्या कुठे गेली. ही कॉलेजं त्याच जातीची आहेत. तुमच्याइतकं हे दुसऱ्या कुणाला समजणार?

चिऊच्या मानसशास्त्राच्या वर्गात रात्रपाळी करून येणारी नर्स आहे, सैन्यातून परतलेला एक तरुण आहे, मुलं मार्गी लागल्यावर पुन्हा वही हातात घेतलेली एक आजी आहे. आघातानंतर मन कसं वागतं, हा धडा होता त्या दिवशी तो तरुण बोलला. चिऊ घरी येऊन बराच वेळ तेच सांगत होती. मन समजून घ्यायचं असेल, तर सगळे अठरा वर्षांचे असलेल्या वर्गापेक्षा हा वर्ग मला जास्त मोलाचा वाटतो.

फीचं सांगते, कारण बाबा विचारणारच. इथे अभ्यास युनिटांत मोजतात, प्रत्येक विषयाची ठरलेली युनिटं असतात. या राज्यात राहणाऱ्याला एका युनिटचे ४६ डॉलर पडतात. दोन वर्षांची ६० युनिटं धरली तर सगळे मिळून २,७६० डॉलर. त्यात किरकोळ फी आणि पुस्तकं वेगळी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात एका वर्षाची फीच १४ हजार डॉलरच्या वर जाते, राहणं-जेवण सोडून.

आणि वाट तिथे संपत नाही. मानसशास्त्राची दोन वर्षांची ट्रान्सफर पदवी घेतली की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जागा मिळण्याची हमी असते. ती कुठल्या कॅम्पसला मिळेल हे मात्र आपल्या हातात नसतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पसही ठरावीक विषय आणि गुण असतील तर आधीच हमी देतात. डेव्हिस, सांताक्रूझ, अर्व्हाइन त्यात आहेत. बर्कली आणि लॉस एंजेलिस नाहीत. शेवटी पदवी मिळते ती त्या युनिव्हर्सिटीचीच.

विषय तिने वरवर घेतलेला नाही. आई, त्यांना एका माणसाबद्दल शिकवलं. १९५३ साली त्याच्या अपस्माराच्या झटक्यांवर उपाय म्हणून मेंदूचा थोडा भाग काढला. तेव्हापासून नवी आठवण त्याच्याकडे टिकेना. जुन्या पुष्कळशा शाबूत होत्या. ब्रेंडा मिलनर या संशोधक बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. दर वेळी तो म्हणे, हे मी पहिल्यांदाच करतोय, पण हात मात्र दिवसेंदिवस सफाईने चालायला लागला. जेवताना हे सांगता सांगता चिऊने मला विचारलं, “आजीला पावकी-निमकी अजून पाठ आहे, पण सकाळची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही, ते का?” मी तिला सांगितलं, ते आजीच्या डॉक्टरांना विचारायचं. आई, पुढच्या वेळी दाखवायला जाल तेव्हा खरंच विचारा.

आता लंडनचं, तिथे चिऊला एक सत्र शिकायला जायचं आहे. इथल्या कितीतरी कम्युनिटी कॉलेजांतून एक सत्र परदेशी शिकायची सोय असते. लंडन आणि फ्लॉरेन्सला बरेच जण जातात. बहुतेक वेळा इथलेच प्राध्यापक सोबत जातात आणि युनिटं इथल्याच कॉलेजची मिळतात. राहण्याचा आणि विमानाचा खर्च वेगळा, तो मोठा आहे. पण दोन वर्षांत फीचे जे वाचतील, त्यातून तो निघेल. गिलमन नावाची सरकारी शिष्यवृत्ती आहे, ती कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी, त्यामुळे आपल्याला नाही.

अडचण एकच आहे. संख्याशास्त्र, संशोधन पद्धती आणि प्रयोगशाळेचं जीवशास्त्र हे विषय सहसा तिकडे मिळत नाहीत आणि पुढे मानसशास्त्राला त्यांच्याशिवाय चालत नाही. म्हणून ते आधी इथे पुरे करायचे आणि इतिहास, साहित्य असे विषय लंडनसाठी ठेवायचे. समुपदेशकाबरोबर बसून तिने स्वतः तसा तक्ता केला आहे. तो पाहिल्यावर माझी काळजी गेली.

लंडनमध्ये हॅम्पस्टेडला फ्रॉइडचं घर आहे. रुग्णाला बोलतं करून त्याच्या मनाचा तळ शोधायची पद्धत, म्हणजे मनोविश्लेषण, त्याने काढली. नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर १९३८ मध्ये तो तिथे आला, पुढच्या वर्षी वारला. रुग्ण ज्यावर पडून बोलत, तो त्याचा कोच तिथे आहे, आणि विष्णूची एक हस्तिदंती मूर्तीही आहे. कोलकात्याला गिरींद्रशेखर बोस यांनी मनोविश्लेषण संस्था काढली होती, त्या संस्थेने १९३१ साली ही मूर्ती फ्रॉइडला पाठवली. चिऊला ती बघायची आहे. दुसरं, बेथलेम रुग्णालयाचं संग्रहालय. १२४७ सालची ती संस्था. अठराव्या शतकात लोक तिथले मनोरुग्ण बघायला गर्दी करत, करमणूक म्हणून.

हे तिने मला वाचून दाखवलं आणि मग बेबीआत्याबद्दल विचारलं. जुन्या अल्बममधला तिचा फोटो तिने पाहिला आहे. बाबा, आत्या माडीवरच्या खोलीत असायची, तिला येरवड्याच्या मनोरुग्णालयात नेलं, परत आणलं, याच्यापलीकडे मलाही काही माहीत नाही. आपल्या घरात कुणी बोललंच नाही. चिऊला मानसशास्त्रच का हवं, याचं अर्धं उत्तर तिथे आहे असं मला वाटतं.

नोकरीचंही सांगते. नुसत्या बी.ए.वर समुपदेशन करता येत नाही. मास्टर्स, मग देखरेखीखाली ३,००० तासांचं काम, मग परवाना. वाट लांबची आहे, तिला माहीत आहे.

लंडनच्या एकटेपणाची काळजी आईला वाटेल. तिथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे; जाण्याआधी आम्ही त्यांच्याशी बोलून घेऊ.

येत्या रविवारी तुमच्या रात्री आठला चिऊच फोन करेल. बाबा, आत्याबद्दल सांगवेल तेवढंच सांगा, पण विषय बदलू नका. आणि शेजारी कुणी विचारलं तर कम्युनिटी कॉलेजात मानसशास्त्र शिकते, असंच सांगा. ती तसंच सांगते.

तुमची,
ताई