अक्कास पत्र: पिंट्याच्या आयटीआयबाबत

चि. अक्कास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू रागानं फोन ठेवलास म्हणून लिहायला बसलो. तसंही फोनवर तू बोलतेस नि मी ‘हं’ म्हणतो, माझं सांगायचं राहूनच जातं. तुझ्या पिंट्याला दहावीनंतर आयटीआयला टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा, व्हायचंय, मग सैन्यभरतीला उभं राहायचंय, आणि हे खूळ अप्पांनी डोक्यात घातलं, असं तुझं म्हणणं. मी त्याला फक्त लेहच्या गोष्टी सांगितल्या. बाकीचं त्याचं तोच शिकलाय.

भरतीबद्दल आधी लिहितो, कारण तिथं मी निम्मा तुझ्याच बाजूचा आहे. मी १९८३ ला सैन्यात गेलो तेव्हा पंधरा वर्षं काढली की पेन्शन पक्की होती. आता अग्निवीर. चार वर्षं, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढं ठेवून घेणार, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांची सेवानिधी आणि पेन्शन नाही. म्हणजे बावीस-तेविसाव्या वर्षी पोरगं परत दारात. तेव्हा त्याच्या हाताला काय येत असेल, एवढंच मी बघतो. म्हणून त्याला बजावलंय, आधी आयटीआयची दोन वर्षं पुरी कर, भरतीचं मग बघू. अग्निवीर टेक्निकलला आयटीआयवाल्यांना जादा गुणही मिळतात, ते वेगळं.

तुला वाटतं सैन्य म्हणजे बंदूक. गल्लीतल्यांनाही तेच वाटतं. १५ ऑगस्टला मला शाल घालतात आणि माईकवरून सांगतात, कारगिलचे वीर! कारगिलच्या वेळी मी खडकीच्या बेस वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स उघडून बसलो होतो. सांगून थकलो, आता शाल घेतो नि खाली बसतो.

मी ईएमईचा, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेचा माणूस. सिकंदराबादला ट्रेनिंग झालं. साताऱ्याकडची पोरं तिथं बावरली, मला मात्र घरच्यासारखं वाटलं. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या पोराला तेलुगू शिकवावी लागत नाही, शेजारच्या पद्मशाली घरांतून ती आपोआप कानात पडते. त्या भाषेवर मी मेसच्या भटारखान्यात दोन पोळ्या जास्तीच्या मिळवल्यात.

लेहचं तुला कधी नीट सांगितलंच नाही. थंडीत डिझेल मेणासारखं धरायचं. रात्री शक्तिमान ट्रकच्या रेडिएटरमधलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर गोठून ब्लॉकला तडा. सकाळी सम्पखाली, म्हणजे इंजिनच्या तेलाच्या टाकीखाली, ब्लो लॅम्प धरून ऑइल पातळ करायचं, मग कुठं इंजिन फिरायचं. पान्याला उघडा हात लावला तर कातडी चिकटायची. आणि हिवाळ्यात झोजिला बंद झाली की रस्त्यानं काही येत नसे. उन्हाळ्यात जो साठा केला तोच. एखादा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, झिजला तर लेथवर नवा करायचा. पितळ नसेल तर मोडक्या गाडीतलं काढायचं. खरा टर्नर मी तिथं झालो, सर्टिफिकेट त्याआधीचं होतं.

घरची पत्रं यायची, पण उशिरानं. तुझ्या आईचा नियम असा की दुखणं कळवायचं ते बरं झाल्यावर. ‘अक्काला आता बरं वाटतंय, भाकरी खाऊ लागली’ असं एकदा आलं. तू आजारी होतीस हे मला त्या ओळीतून कळलं. मी चिडून लिहिलं, तर तिचं उत्तर, तुम्ही तिथून काय करणार होता? त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

२००० साली हवालदार म्हणून सुटून आलो. माजी सैनिक म्हटलं की लोक एकच काम सुचवतात, बँकेच्या दारात उभं राहायचं. पेन्शन होती, पण तुम्हा दोघांची शिक्षणं तीत बसत नव्हती, आणि तुझी आई तेव्हाही उषा मशीनवर टॉवेलच्या कडा शिवत होती. मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या एका कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून लागलो. मागातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. शिकवलं ते लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडल्यावर तिथं आलेल्या एका म्हाताऱ्या जॉबरनं. माझा तोडका-मोडका बाणा-ताणा, म्हणजे आडव्या-उभ्या धाग्यांची भाषा, ऐकून तो तेलुगूतच शिव्या द्यायचा, मला कळत नाहीत असं समजून.

टॉवेलचा माग कधी बघितलास? ताणा गुंडाळलेले दोन रूळ, म्हणजे बीम असतात, एकाचा ताणा घट्ट, दुसऱ्याचा ढिला. पहिले दोन बाणे कापडापासून जरा लांब थांबतात. तिसरा आला की फणी तिन्ही बाणे एकदम पुढं रेटते, आणि ढिला ताणा वर उभा राहतो. तेच टॉवेलवरचे लूप. ढिल्या बीमचा ब्रेक जरा चुकला की लूप कुठं लांब, कुठं बुटके, माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम. बाणा नेणारा धोटा सटकला तर ताणा तुटतो, कधी माणसाला लागतो. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, पण धोट्याला ठोकणारा पिकर झिजलेला ठोक्यावरून कळतो.

पण अवघड होतं ते दुसरंच. विणकराची मजुरी मालावर. माग थांबला की त्याचा रुपया थांबला. सकाळी चार माग बंद, चौघे माझ्याकडं बघताहेत आणि शेठला ऑर्डरचा माग आधी हवा. सैन्यात हे ठरलेलं असायचं. युनिटमध्ये होईल ते युनिटमध्ये, न झालं तर फील्ड वर्कशॉप, त्याहून मोठं बेस वर्कशॉप. मी तेच इथं आणलं. दहा मिनिटांची कामं आधी, क्रँक मोडलेला शेवटी. तीन जण चालू झाले की चौथ्यासाठी निवांत हात घालता येतो. शेठ ओरडायचा. म्हाताराही म्हणायचा, हिशेब बरोबर आहे, पण शेवटच्याला चहा तू पाजायचास. मी पाजायचो, शेठच्या खात्यावर.

आता रॅपिअर माग आलेत, त्यांत धोटाच नाही. अर्धे जुने माग भंगारात गेले. तू हेच म्हणशील, म्हणून मीच आधी लिहितो. मीही शक्तिमानवर शिकलो, ती गाडी बनायची बंद झाली, तरी बुश लेथवर जसा करायचा तसाच करतात. पिंट्याला कॉम्प्युटरवर चालणारं लेथ शिकायला मिळेल तिथं घाला, जुनं लेथ मी दाखवतो.

त्याला मे महिन्यात पाठव. गड्ड्याच्या जत्रेला ये म्हणालो होतो, आला नाही, तेव्हा आता उन्हाळा सोसायचा. ओळखीच्या कारखान्यात आठ दिवस बसवतो, आवडलं नाही तर मीच तुला फोन करून सांगेन. येताना सैल शर्ट आणि हातातलं ते कडं नको, पट्ट्यात अडकतं. बूट जाड तळव्याचे दे. आणि शेंगाचटणी इथं करून ठेवलीय, तिकडून विकतची आणू नका.

तुझा,
अप्पा