सतराशेचा डबा आणि हरवलेली चप्पल

संपादक महोदय,

मागच्या मंगळवारच्या पुरवणीत मधुमेहींसाठी व्हिटॅमिन म्हणून अख्खं पान होतं ते वाचलं. डी झालं, सी झालं, क्रोमियम, दालचिनीच्या कॅप्सूल, सगळं आलं त्यात पण मेटफॉर्मिन (शुगरची नेहमीची गोळी) आणि बी-१२ व्हिटॅमिनबद्दल एक ओळ नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या यांना २०१२ पासून शुगर. तेव्हापासून मेटफॉर्मिन, आधी ५००, आता १००० दोन वेळा. दोन वर्षांपूर्वी तळपायाला मुंग्या यायला लागल्या, मग चालता चालता चप्पल मागे राहायची आणि यांना पत्ताच नसायचा, एकदा तर मंडईतून एका पायाने अनवाणी घरी आले, मी दारातच विचारलं अहो चप्पल कुठाय, तर खाली बघायला लागले! सगळे म्हणाले शुगर म्हटल्यावर नसा जाणारच. पुतण्याने प्रेमाने सतराशे रुपयांचा व्हिटॅमिन पावडरचा डबा आणला, साखर कंट्रोलमध्ये राहील म्हणे काकू. चार महिने रोज दोन चमचे दुधातून दिली. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१ चं ८.२. मग एकदा भिंग घेऊन डब्यामागची बारीक अक्षरं वाचली तर दुसऱ्या नंबरलाच माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पोटात गेलं की साखरच ती.

नंतर नवीन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्यूनिंग फोर्क (वाजवला की थरथरणारा धातूचा चिमटा) वाजवून आधी मनगटावर ठेवला, "थरथर कळतेय?" हो म्हणाले. मग पायाच्या अंगठ्यावर ठेवला तर हे आपले गप्प. त्यांनी विचारलं बी-१२ कधी केलंय? बारा वर्षांत एकदाही नाही. रिपोर्ट आला १३८, कागदावर खालची हद्द २००.

बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं आणि मेटफॉर्मिन त्यातच आडवं येतं. लिव्हरमध्ये साठा असतो म्हणून काही वर्षं कळत नाही आणि कळतं तेव्हा ती शुगरचीच न्यूरोपथी (नसा खराब होणं) वाटते, तसाच त्रास, तेच पाय. नेदरलँड्समध्ये ३९० पेशंटवर चारेक वर्षं ट्रायल झाली होती, २०१० मध्ये छापून आली, मेटफॉर्मिनवाल्यांचं बी-१२ औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा १९ टक्के खाली गेलं. त्यात आपण वरणभातवाले, डाळी-भाज्यांत बी-१२ नसतंच, जे काय थोडं मिळतं ते दूध-दह्यातून. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. याज्ञिकांनी तर पुणे भागातल्या पुरुषांत निम्म्याहून जास्त जणांचं बी-१२ कमी असल्याचं केव्हाच दाखवलंय, म्हणजे आधीच कमी आणि वर ही गोळी.

मेटफॉर्मिन बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, यांचंही चालूच आहे. आणि व्हिटॅमिनने साखर उतरते असंही नाही. पुरवणीत डी चं एवढं कौतुक होतं पण अमेरिकेत २४२३ प्रीडायबेटिस (म्हणजे शुगरच्या उंबरठ्यावरच्या) लोकांना रोज ४००० युनिट डी नाहीतर तशीच दिखाऊ गोळी देऊन बघितलं, २०१९ ला निकाल आला, डायबेटिस होण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही हेच सांगते की कमतरता नसेल तर साखरेसाठी व्हिटॅमिन घेऊ नका, पण मेटफॉर्मिनवर असाल तर अधूनमधून बी-१२ तपासा, मुंग्या किंवा ॲनिमिया असेल तर नक्कीच. हे दुसरं वाक्य कोणी सांगतच नाही, कारण त्यात विकायला काही नसतं (सॉरी, पण असंच वाटतं).

यांना इंजेक्शनं दिली, मग गोळ्या. मुंग्या बऱ्याच कमी आहेत, अंगठ्याला मात्र अजून नीट कळत नाही, उशीर झाला म्हणाले डॉक्टर. चपलेऐवजी पट्ट्याचे सँडल घेतलेत.

पुढच्या पुरवणीत निदान एका चौकटीत तरी छापा ही विनंती. तपासणी त्या डब्यापेक्षा स्वस्त पडली आम्हाला.

आपली एक वाचक,
सांगली