लिस्बनच्या त्या खाणावळीतल्या माणसांचे आभार

लिस्बनच्या अल्फामा या जुन्या वस्तीतल्या चढावरच्या छोट्या खाणावळीत, ऐन दुपारच्या गर्दीत माझ्या आई-बाबांना सांभाळून घेणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं ठाऊक नाहीत, चेहरे मात्र पक्के लक्षात आहेत.

रांगेतल्या आजींनी खुणेनेच आपला नंबर आईला दिला. वाढणाऱ्या काकांनी पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवलं आणि लगेच सांगितलं, हे खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर परत नेतो. परक्या माणसाला एवढं आपणहून कोण सांगतं!

आई शाकाहारी. काल्दु व्हेर्द म्हणजे बटाट्याच्या दाट सुपात अगदी बारीक चिरलेली हिरवी पानं. पण वर चोरिसूची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती असते आणि पुष्कळदा ती सुपातच शिजवतात. म्हणून काका आत जाऊन विचारून आले. शेगडीवर जागा नसतानाही आतल्या ताईंनी वेगळ्या पातेल्यात, नुसतं ऑलिव्ह तेल घालून सूप करून दिलं. आईने वाडगा पावाने पुसून खाल्ला.

शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने बाबांना कॉड माशाची अर्धीच प्लेट मागवायला सुचवलं, तीही पोटभर निघाली. खारवलेला कॉड मासा पाणी बदलत दिवसभर तरी भिजवावा लागतो. मग कांदा, तळलेल्या बटाट्याच्या काड्या आणि अंडं. बाबा कोकणातले, खाऱ्या माशाची पारख असलेले. "मीठ नेमकं उतरवलंय," म्हणाले. ताई, ही दाद तुमचीच.